नोकरी बदलते आहे, काळजी करू नका

पुणे,
रविवार, ८ मार्च २०२६

तीर्थरूप आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

आधी मुख्य गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला राहणार नाही. मी कंपनीचा राजीनामा दिला आहे. जानेवारीच्या अखेरीस दिला, तो मंजूर झाला, आणि ३० एप्रिल हा माझा तिथला शेवटचा दिवस. मला कोणी काढलेलं नाही. बाबा, हे वाक्य परत एकदा वाचा. मला कोणी काढलेलं नाही, माझ्या कामाबद्दल कोणाची तक्रार नाही, आणि दुसरी नोकरी हातात आल्यावरच मी ही सोडली आहे. मे महिन्याच्या ४ तारखेला बाणेरला रुजू व्हायचं आहे. तिथलं पत्र आलं, ह्यांनी वाचलं, दादानेही वाचलं.

शिमग्याला आले तेव्हाच सांगणार होते. पण घरात पालखी, अंगणात माणसं, आई सकाळपासून पुरणपोळ्यांत, आणि बाबा इतक्या आनंदात होते की मला ते मोडवेना. फोनवर सांगायला गेले तर तुम्ही दोघं एकदम बोलता, मग मी रडते, मग आईला वाटतं काहीतरी भयंकर झालं. म्हणून पत्र. कागदावर सगळं नीट क्रमाने सांगता येतं, आणि बाबांना चश्मा लावून निवांत वाचता येतं.

दादाला आधी सांगितलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका. पैशांचा हिशेब त्याच्याकडून तपासून घ्यायचा होता.

बाबा, तुम्हाला हे सगळ्यात जड जाणार हे मला ठाऊक आहे. तुम्ही ज्या डेपोत लागलात त्याच डेपोतून अठ्ठावन्नाव्या वर्षी हार घालून घरी आलात. पगार उशिरा आले, संप झाले, गणपतीत घरचा गणपती सोडून जादा गाड्यांवर गेलात, पण एसटी सोडली नाहीत. त्यामुळे चालती नोकरी माणूस सोडतोच कसा, हे तुम्हाला कळणं अवघड आहे. आणि ही नोकरी मिळाली कशी तेही तुम्ही पाहिलंय. २००८ ला कॉलेजातच निवड झाली, मग तिकडे अमेरिकेत बँका बुडाल्या आणि रुजू होण्याची तारीख पुढे पुढे जात राहिली. त्या वर्षी तुम्ही रोज पोस्टमनची वाट बघायचात आणि मला दिसू नये म्हणून फाटकाशी उभं राहून पेपर वाचायचात. मला दिसत होतं, बाबा.

म्हणून मी ही कंपनी वाईट होती असं लिहिणार नाही. खोटं ठरेल ते. या कंपनीने मला जे दिलं ते मला दुसरीकडे कुठे मिळालं असतं असं वाटत नाही. चिपळूणहून आलेली, इंग्रजीत एक वाक्य बोलताना घाम फुटणारी मुलगी. पहिल्याच दिवशी सांगितलं की इथे कोणी सर नाही आणि मॅडम नाही, सगळ्यांनी एकमेकांना नावाने हाक मारायची. वीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाला नावाने हाक मारताना माझी जीभ अडखळायची. पण त्याने फरक पडतो. चूक दिसली तर चूक म्हणता येते. माझ्या टीममध्ये गुवाहाटीची मुलगी होती, मदुराईचा मुलगा होता, नांदेडचा, जळगावचा. कोण कुठल्या घरातून आलंय हे कामाच्या आड आलेलं मी पाहिलं नाही. आई, तू मला रात्री उशिराच्या शिफ्टची इतकी भीती घालायचीस, पण रात्री गाडी दारापर्यंत यायची, सोबत सुरक्षारक्षक असायचा, आणि मी घरात शिरून फोन केल्याशिवाय गाडी हलायची नाही.

छकुली झाली तेव्हा पूर्ण २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. २०१७ चा कायदा नुकताच आला होता. त्याआधी १२ आठवडे मिळायचे. माझ्या आधीच्या मैत्रिणी तीन महिन्यांचं बाळ घरी ठेवून कामावर आल्या होत्या. मी परत गेले तर कंपनीच्या आवारातच पाळणाघर, दुपारी खाली जाऊन तिला भेटून यायचं. हे मी कधी विसरणार नाही.

आणि २०१९ ची ती रात्र. बाबांना घेऊन आपण दवाखान्यात, दादा अजून वाटेत, आणि काउंटरवरचा माणूस आधी पैसे भरा म्हणतोय. मी कंपनीच्या विम्याच्या नंबरवर फोन लावला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. पलीकडच्या मुलाने सकाळपर्यंत सगळी कागदपत्रं पूर्ण करून घेतली. स्टेंट बसला आणि आपल्याला घरातून फार थोडे पैसे काढावे लागले.

पुराचं तर काय सांगू. २२ जुलै २०२१ ला मी तुमच्याबरोबर माळ्यावरच होते. आईच्या शिवणयंत्राचं टेबल, ज्यावर वर्षभर माझं ऑफिस मांडलेलं होतं, ते पाण्यात तरंगताना वरून पाहिलं आपण. बाबांनी आधी माझा लॅपटॉप वर आणला आणि मग देव. घाट सुरू झाल्यावर दोन गाड्या भरून पाणी, चादरी, औषधं, आईसाठी गाऊन घेऊन जे आले ते माझ्या टीममधलेच. आपल्या घरातला चिखल त्यांनी फावड्याने काढला. माझं काम त्यांनी आपसात वाटून घेतलं आणि मला कित्येक दिवस एकानेही फोन केला नाही. माणसं चांगली होती. शेवटपर्यंत चांगली आहेत. मला निघताना त्रास होईल तो त्यांचाच.

मग सोडते का?

वेळ हे पहिलं कारण. आमचं गिऱ्हाईक अमेरिकेच्या पूर्वेकडचं. तिथल्या दुपारी बाराच्या मीटिंगला इथे थंडीत रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात आणि उन्हाळ्यात साडेनऊ. आजच तिथली घड्याळं तासभर पुढे सरकली, म्हणजे उद्यापासून नोव्हेंबरपर्यंत माझा कॉल साडेनऊला. त्या तासाभराचा मला दर वर्षी सणासारखा आनंद व्हायचा. आई, तू रोज रात्री व्हिडिओवर छकुलीला गोष्ट सांगून झोपवतेस. ती तुला सांगत नसेल, पण गोष्ट संपली की ती माझ्या खोलीच्या दारापाशी येऊन बघते आणि कानाला हेडफोन दिसला की परत जाते. एकदाही हाक मारत नाही. सात वर्षांच्या पोरीने इतकं समजूतदार असू नये.

दिवसाही काम असतंच. वारज्याहून हिंजवडीला जायचं, आधी चांदणी चौक, मग वाकड, मग आतल्या रस्त्यावर पहिल्या फेजपासून तिसऱ्या फेजपर्यंत रांग. मेट्रोच्या खांबांशेजारून, पावसाळ्यात पाण्यातून. ऑफिसात कार्ड लावल्यापासून नऊ तास मोजले जातात. रात्रीचा कॉल त्यात धरत नाहीत. शिवाय प्रत्येक तास कोणत्या कामावर गेला ते रोज भरून द्यायचं, कारण गिऱ्हाईकाला बिल तासाचं जातं. ज्याच्या तासाचं बिल लागत नाही तो बेंचवर. बाबा, डेपोत ड्यूटी न लागलेला कंडक्टर कसा सगळ्यांच्या नजरा चुकवत बसायचा, तसं बसावं लागतं. पगार चालू असतो, पण माणूस आतून खचतो. पूर्वी बेंचवर महिनोन् महिने शिकायला मिळायचं. आता काही आठवड्यांतच विचारणा सुरू होते.

दुसरं कारण मला जास्त लागलं. दर वर्षी टीममधल्या सगळ्यांना श्रेणी द्यायची असते. वरून आधीच ठरून येतं की इतके उत्तम, इतके मध्यम आणि इतके खालचे. टीममधले दहाही जण जीव तोडून राबले असले तरी कोणालातरी खाली टाकायचंच. गेल्या वर्षी माझ्या नांदेडच्या मुलाचं नाव खाली गेलं. दिवाळीत सगळे घरी गेले तेव्हा तोच थांबला होता. मी भांडले, पत्रं लिहिली, दोन पायऱ्या वर जाऊन बोलले. श्रेणी बदलली नाही, आणि ते त्याला समोर बसवून सांगायचं कामही माझंच. त्याने ऐकून घेतलं आणि मला म्हणाला, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. त्या रात्री मी ह्यांना म्हटलं, आता बास.

नव्या मुलांचं बघवत नाही. मी लागले तेव्हा वर्षाला तीन लाखांच्या आसपास पगार मिळायचा, आणि आपल्या घरात पेढे वाटले होते. आज इतक्या वर्षांनी कॉलेजातून येणाऱ्या बहुतेक मुलांना साडेतीन लाखांच्या आसपासच देतात. मधल्या काळात पुण्यात खोलीचं भाडं कुठे गेलं, डाळ कुठे गेली! ती मुलं एका खोलीत चौघं राहतात आणि घरी सांगतात की सगळं छान आहे.

बाबा, गेल्या वर्षी जुलैत टीसीएसने जगभरातली दोन टक्के, म्हणजे सुमारे १२ हजार माणसं कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हा तुम्ही पेपरातल्या बातमीचा फोटो मला पाठवलात. खाली काही लिहिलं नव्हतंत. ती आमची कंपनी नव्हे, हे मी तुम्हाला लगेच कळवलं. पण खरं सांगते, त्या आठवड्यात हिंजवडीतल्या प्रत्येक कॅन्टीनमध्ये तोच विषय होता. जास्त धोका माझ्यासारख्यांना, मधल्या वयाच्या, मधल्या पदाच्या लोकांना. वर्षानुवर्षं माणसं सांभाळताना आमचा हातातल्या कामाशी संबंध सुटत जातो. आता कोड लिहायला एआय आलं आहे. त्याने सगळ्यांच्या नोकऱ्या जातील असं मला वाटत नाही. पण ज्याला स्वतःच्या हाताने काम येतं तोच टिकेल, एवढं मला दिसतंय. मला परत हाताने काम करायचं आहे.

बाणेरची कंपनी लहान आहे, शंभरएक माणसांची. दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतात. केसपेपर, औषधांचा साठा, बिलं, विम्याची कागदपत्रं. गिऱ्हाइकं सगळी आपल्या देशातली, त्यामुळे काम दिवसा. माझ्याकडे विम्याच्या कागदपत्रांचा भाग येणार आहे. काउंटरवर कोणाच्या तरी मुलीला रात्रभर फोन करत बसावं लागू नये, असं काहीतरी माझ्या हातून व्हावं अशी फार इच्छा आहे. ऑफिस वाकडच्या अलीकडेच आहे, म्हणजे रोजचा निम्मा रस्ता वाचला.

आता पैसे. पगार सुमारे पाचव्या हिश्शाने कमी होतो आहे. हे लपवत नाही. पण घराचा हप्ता ह्यांच्या आणि माझ्या पगारातून नीट बसतो, दादाने कागदावर मांडून पाहिलं. पाच वर्षांवर नोकरी झाली की ग्रॅच्युइटी कायद्याने मिळते. ती मी थेट घराच्या कर्जात भरणार आहे, म्हणजे हप्ता आणखी उतरेल. पीएफ त्याच नंबरवर पुढे चालू राहील, त्याला हात लावणार नाही. तुमच्या खात्यात दर महिन्याला येतात ते पैसे त्याच तारखेला तेवढेच येतील. त्यात एक रुपया कमी होणार नाही, आणि बाबांनी दोन महिन्यांनी ते परत माझ्याच खात्यात पाठवायचे नाहीत. पेन्शन किती येते ते मला माहीत आहे.

ज्या गोष्टीसाठी मी वर्षभर थांबले ती म्हणजे तुमचा विमा. जुन्या कंपनीच्या विम्यात तुम्ही दोघंही होतात. नवीन कंपनीच्या विम्यात मी, हे आणि छकुली एवढेच. आई, लगेच घाबरू नकोस. कंपनीच्या विम्यातून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीची स्वतंत्र पॉलिसी घेता येते, आणि आधीची वर्षं त्यात मोजली जातात. त्यामुळे तुझा बीपी, बाबांची शुगर आणि स्टेंट यांसाठी पुन्हा पहिल्यापासून वाट बघायला लागू नये. नवी पॉलिसी घेतली असती तर जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबायला लागलं असतं. दोघांचे अर्ज मी कव्हर संपायच्या आधीच भरले आहेत. गेल्या सप्टेंबरपासून अशा पॉलिसीवरचा जीएसटीही गेला आहे. हप्ता किती हे बाबांनी विचारायचं नाही. तो माझा विषय.

शिवाय बाबा, तुमचं सरकारी कार्ड काढायचं आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. त्याला वय वंदना कार्ड म्हणतात. खाजगी विमा असला तरी चालतो. आधारवर तुमची जन्मतारीख १ जून १९५४ आहे, मास्तरांनी लावलेली. खरी आजीलाच माहीत होती, पण सरकारला हीच चालते. मी पाडव्याला येते तेव्हा माझ्या मोबाइलवरच काढून टाकू. कोणाच्या हाती आधार द्यायला जाऊ नका, बाजारपेठेतल्या त्या सेवा केंद्रातही नाही. मी करते.

आता काही गोष्टी तुम्ही करायच्या आहेत, आणि माझं ऐकायचं आहे.

बाबा, गोळी सकाळचीच घ्यायची, आठवण झाली की घेऊ असं नाही. डबीचे कप्पे मी भरून ठेवलेत. स्कूटर फक्त भाजीपर्यंत. बहाद्दूरशेख नाक्याकडे अजिबात जायचं नाही. माळ्यावर चढायचं नाही. आंबे उतरवायला माणूस सांगितला आहे, त्याचे पैसे दिले आहेत, तो झाडावर असताना शिडी धरायलाही उभं राहायचं नाही. आई, मोतीबिंदूचं आणखी पुढे ढकलायचं नाही. एप्रिलमध्ये, विमा चालू असतानाच करून घेऊ. डेरवणला की इकडे पुण्यात, ते तू ठरव, पण तारीख मला या आठवड्यात हवी. आणि निळी फाइल, त्यात पॉलिसी, आधार, बाबांचे रिपोर्ट सगळं आहे, ती जूनच्या आधी वरच्या मजल्यावर गेली पाहिजे. देवाच्या कपाटात नको.

काकू विचारतील, काढलं का हो तुमच्या मुलीला? आईने सरळ सांगावं की तिने स्वतः सोडली, आणि आता दवाखान्यांसाठी काम करते. बाबांना वाईट वाटत असेल तर त्यांनी सध्या कोणाला काहीच सांगू नये. सांगण्याची घाई नाही.

बाबा, एक माझ्या मनातलं. मी लहान असताना तुमची मुक्कामी गाडी असली की मी आईला सारखी विचारायचे, बाबा कुठे पोचले असतील? आई घड्याळ बघून सांगायची, आता गुहागर, आता आबलोली, आता झोपले असतील. मला त्या गावांची नावं पाठ होती. सकाळी तुम्ही आलात की खाकी शर्टाला डिझेलचा वास यायचा आणि मी तो शर्ट कवटाळून परत झोपायचे. तुम्ही घर सोडून राबलात म्हणून आम्ही शिकलो, याचं मोल मला कळतं. तुम्हाला तेव्हा दुसरा पर्याय नव्हता. मला आज आहे, आणि तो तुम्हीच मिळवून दिलात. तो मी घेतला याचं तुम्हाला दुःख होऊ नये, एवढंच मागणं आहे.

मे महिन्यात रुजू होण्यापूर्वी तीन दिवस मोकळे आहेत. मी छकुलीला घेऊन येते. आई, काही करत बसू नकोस, आमटी-भात पुरे. बरं, सांदणं कर. पण फणस बाबांनी फोडायचा नाही.

रात्रीची गोष्ट मात्र बंद करायची नाही हं आई. मी मोकळी झाले तरी तिला तुझ्याच तोंडून ऐकायची असते. मी तिच्या बाजूला बसून ऐकेन.

दोघांनी जपा.

तुमची,
बाय

ता. क. बाबांच्या आधारला जुना मोबाइल नंबर जोडलेला आहे का, ते सिमकार्ड अजून चालू आहे का, हे आज बघून मला कळवा. त्यावर ओटीपी येतो, तो आला की माझ्या मोबाइलवरून कार्ड काढणं सोपं जाईल. बंद असेल तर पाडव्याच्या आधी पोस्टात जाऊन नंबर बदलून घ्या. आईला बरोबर न्या, एकटे जाऊ नका.